विरून जाणारी कुपी

दह्याला आंबटपणा येतो तो दुग्धाम्लामुळे. हेच घरगुती आम्ल एके दिवशी औषधाची कुपी बनेल, असे कोणाच्या स्वप्नी तरी आले असेल काय?

१९७४ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी रॉबर्ट लँगर हे तरुण रसायन-अभियंते डॉ. ज्यूडा फोकमन या शल्यविशारदांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. प्रथिनांसारखे मोठे रेणू बहुवारिकातून, म्हणजे लहान रेणूंच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या पदार्थातून, हळूहळू बाहेर सोडावयाचे, हा त्यांचा ध्यास. जाणत्यांना ते अशक्य वाटे. प्रयोगांमागून प्रयोग फसले. परंतु लँगर खचले नाहीत. १९७६ साली दोघांचे यश जगापुढे आले.

पुढे दुग्धाम्ल व ग्लायकॉलिक आम्ल यांच्या साखळ्यांपासून औषधवाहू कण घडविण्यात आले. त्यांतील काही तर केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही लहान! शरीरातील पाणी या साखळ्या सावकाश तोडते. औषध झिरपत राहते आणि कण विरून जातो. महिनाभर पुरणारे असे कर्करोगावरील एक इंजेक्शन १९८९ साली अमेरिकेत मान्य झाले.

लसीच्या पुढील मात्राही एकाच सुईतून वेळेवर मिळाव्यात, म्हणून आज संशोधन चालू आहे. बाळाला कडेवर घेऊन डोंगर उतरणाऱ्या मातेला तीच वाट पुन्हा तुडवावी लागते; मात्रा चुकली, तर संरक्षण अपुरे राहते. तिची पायपीट वाचावी, यासाठीच हा सारा खटाटोप.

नेमलेले काम चोख करून मुकाट्याने नाहीसा होणारा असा सेवक विरळाच!