ऐकणे आणि ऐकू जाणे

आमच्या गावाचे नाव इच्छापोर. सुरतेहून हजीऱ्याकडे निघाले, तापी ओलांडली आणि मालमोटारींच्या रांगा दिसू लागल्या, की आमचे गाव आले असे समजावे. येथील गावांच्या नावांतला ‘पोर’ हा मुळात ‘पूर’च, परंतु मराठी घरात हे नाव उच्चारले, की एक इच्छा आणि एक पोर अशी जोडीच डोळ्यांपुढे उभी राहते. आमच्या घरी ती दोन्ही नांदतात. पोर म्हणजे आमचा सतरा वर्षांचा नातू, आणि इच्छा म्हणजे गेल्या दिवाळीपासून त्याने धरलेला हट्ट : खेळण्यासाठी चांगला हेडसेट हवा. कानांवर बसणारे हेडफोन आणि तोंडाजवळ येणारा मायक्रोफोन यांच्या जोडणीस हेडसेट म्हणतात. या हट्टापायी आमच्या ज्ञानात जी भर पडली ती वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आले. कारण ज्या घरात शाळा-कॉलेजातील मुले आहेत, तेथे हा हट्ट आज ना उद्या येणारच.

नातवाच्या यंत्राचे नाव प्लेस्टेशन ५. ते दूरदर्शन संचाला जोडावयाचे आणि हातातील कंट्रोलरने खेळावयाचे. खेळाचे नाव एपेक्स लेजंड्स. एका डावात तिघातिघांचे वीस संघ उतरतात आणि अखेरीस एकच उरतो. नातवाच्या संघात दुसरा भिडू नाशिकचा त्याचा आतेभाऊ आणि तिसरा बडोद्याचा मावसभाऊ. तिघे तीन गावी, आपापल्या घरी बसून, एकाच रणांगणावर उतरतात आणि सारा वेळ एकमेकांशी बोलत राहतात.

‘हे पोरखेळ आहेत’ असे म्हणून हात झटकणे सोपे. पण २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत प्रात्यक्षिक म्हणून ठेवलेल्या ई-क्रीडाप्रकारांत आपल्या भुजच्या तीर्थ मेहता यांनी हार्थस्टोन या खेळात कांस्यपदक मिळविले. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या मार्चमध्ये, याच गुजरातेत राजकोटच्या पोलिसांनी मोबाइलवर पबजी खेळणाऱ्या तरुणांना अटक केली. २०२३ साली हांगचौ येथे भरलेल्या आशियाई स्पर्धांत तर या खेळांना अधिकृत पदकेच होती. एकाच जातीच्या खेळाला पदकही आणि पोलीसही! तेव्हा मत देण्यापूर्वी वस्तू नीट पाहून घ्यावी, असे आम्ही ठरविले.

प्रथम कानांविषयी. या खेळात शत्रू दिसण्यापूर्वी ऐकू येतो. त्याची पावले, दार उघडल्याचा आवाज, बंदूक भरल्याचा खटका, यांवरून तो कोणत्या बाजूस आणि किती अंतरावर आहे हे ताडावे लागते. आवाज उजवीकडून आला, तर तो उजव्या कानास डाव्याहून सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोहोचतो. शिवाय मध्ये डोके आल्यामुळे डाव्या कानास तो किंचित क्षीण लागतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवितो. समोरचा आवाज आणि मागचा आवाज यांतला भेद कानाच्या पाळीच्या वळणांमुळे कळतो. प्लेस्टेशन ५ हे सारे गणिताने घडवून हेडफोनांत उतरविते. त्याच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘थ्री-डी ऑडिओ’ म्हणून एक भाग आहे. तेथे वेगवेगळे पर्याय ऐकून, आवाज नेमका आपल्या कानांच्या पातळीवरून येतो असे ज्यात वाटेल, तो निवडावयाचा असतो. प्रत्येकाचा कान निराळा. म्हणून हे काम ज्याचे त्यानेच करावे.

खरेदीचा विषय निघाला तेव्हा आमचे मेहुणे घरी आले होते. ते ऐन तारुण्यात खानदेशातून सुरतेस आले आणि उधन्याच्या यंत्रमागांवर त्यांनी तीस वर्षे काढली. यंत्रमागांच्या खात्यातील आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. कानांत कापसाचा बोळा घालण्यापलीकडे त्या काळी कोणी काही केले नाही. आज त्यांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. अशा बहिरेपणात उंच पट्टीचे स्वर आधी जातात आणि त्यांबरोबर स, श, त, थ यांसारख्या व्यंजनांच्या कडा झिजतात. मेहुण्यांनी हेडफोनचे चित्र पाहिले आणि एवढेच म्हणाले, “दाजी, पोराला हळू ऐकायला लावा. आमच्या खात्याला निदान सुटीचा भोंगा तरी होता.”

त्या एका वाक्याने खरेदीचा पहिला नियम ठरला. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकणे प्रौढांस चालते. ९० डेसिबल झाले की तीच मर्यादा ४ तासांवर येते. २०२५ साली या संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर व्हिडिओ खेळांतील सुरक्षित श्रवणाचे मानकही प्रसिद्ध केले. घरी डेसिबल मोजणार कोण? आम्ही साधी परीक्षा ठेविली आहे. हेडफोन कानांवर असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारावी. ती कळली नाही, तर आवाज जास्त आहे. आमच्या सौभाग्यवतींनी आवाजाच्या चाकावर त्या जागी नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला. त्याच्या पुढे चाक जावयाचे नाही, असा घरचा कायदा आहे.

दुसरा प्रश्न तारेचा. पुण्याच्या पुतण्याने वाढदिवसाची भेट म्हणून मोठ्या प्रेमाने बिनतारी, ब्लूटूथचे हेडफोन पाठविले. किंमत पाहून आमचे डोळे दिपले. पण प्लेस्टेशन ५ त्यांना ओळखच देईना. हे यंत्र ब्लूटूथचे साधे हेडफोन घेतच नाही. ज्या उपकरणांवर ते चालतात तेथेही दोन अडचणी असतात. एक, आवाज पोहोचण्यास सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशीर होतो. गाणे ऐकताना हे कळत नाही, पण पावलांचा माग काढताना शत्रू पुढे आणि त्याचा आवाज मागे अशी गत होते. दुसरी, त्यांचाच मायक्रोफोन चालू केला की साऱ्या आवाजाची प्रत जुन्या टेलिफोनसारखी होते. बिनतारीच हवे असेल, तर सोबत स्वतःचा यूएसबी डोंगल असलेला आणि आपल्या यंत्राचे नाव खोक्यावर छापलेला संच घ्यावा. प्लेस्टेशनसाठी केलेला डोंगल एक्सबॉक्सवर चालेलच असे नाही. पुतण्याची भेट वाया गेली नाही; सौभाग्यवती त्यावर कीर्तने ऐकतात.

आम्ही शेवटी तारेचा संच घेतला. त्याला चार्जिंग नको, उशीर नाही आणि जोडणी एका पिनेची. ही पिन साडेतीन मिलिमीटरची. ती यंत्रास लावावयाची नसून हातातील कंट्रोलरच्या खालच्या बाजूस असलेल्या भोकात बसवावयाची. मात्र पिनेवरील काळ्या रेषा मोजाव्यात. तीन रेषा म्हणजे चार भाग : डावा कान, उजवा कान, मायक्रोफोन आणि सर्वांची सामाईक तार. दोनच रेषा असल्या, तर तो संच फक्त ऐकावयाचा. संगणकासाठी केलेल्या काही संचांना ऐकण्याची आणि बोलण्याची अशा दोन वेगळ्या पिना असतात. त्यांना दोहोंची एक करणारा छोटा जोड लागतो. पिन खटकन आवाज होईपर्यंत आत जावी. अर्धवट बसली तर एक कान मुका राहतो आणि दोष संचावर जातो.

आमच्या हवेचाही विचार करावा लागला. गाद्या कृत्रिम चामड्याच्या असल्या, तर बाहेरचा आवाज चांगला अडतो. पण येथील दमट उन्हाळ्यात कान भिजतात आणि वर्ष-दोन वर्षांत चामड्याच्या पापड्या निघतात. कापडी गाद्यांत गारवा असतो, पण आवाज थोडा झिरपतो. आम्ही बदलता येणाऱ्या कापडी गाद्या घेतल्या. आजीची हाक आत झिरपावी, हाही हेतू होताच.

आता मायक्रोफोन. दुकानदार सारा वेळ हेडफोनांचेच गुण गातो. त्या बारीकशा दांडीकडे कोणी पाहत नाही. वास्तविक तिघांच्या संघात एकाने ऐकले आणि दोघांस सांगता आले नाही, तर ऐकून उपयोग काय? कंट्रोलरमध्येही मायक्रोफोन असतो, पण त्यास बोटांखालील कळांची खटखट आधी ऐकू जाते. संचाची दांडी ओठांच्या अगदी समोर न धरता तोंडाच्या कोपऱ्याशी, दोन बोटे अंतरावर ठेवावी. नाही तर प, फ, भ यांचे फटके पलीकडच्याच्या कानावर बसतात. स्पंजाची टोपी काढू नये. एकाच दिशेने ऐकणारा मायक्रोफोन घेतला, तर डोक्यावरचा पंखा आणि हजीरा रस्त्याची घरघर कमी जाते. खेळाचा आवाज आणि भिडूंचा आवाज यांचे प्रमाण सेटिंगमध्ये ठरविता येते. भिडू थोडे वर ठेवावेत, म्हणजे एकूण आवाज वाढविण्याचा मोह होत नाही.

नवा संच आला, आवाज स्वच्छ जाऊ लागला, आणि मग खरी अडचण उघडी पडली. तोपर्यंत जी चूक खरखरीच्या माथी जात होती, ती भाषेची निघाली. आमचा नातू घाईत ओरडला, “जमणी बाजूला!” गुजरातीत जमणी म्हणजे उजवी. नाशिककरास वाटले, जमिनीवर काही आहे. तो खाली पाहू लागला आणि शत्रूने उजवीकडून येऊन तिघांसही निकालात काढले. ‘डाबी’ म्हटले तर नाशिककर ‘डावी’ समजतो. त्या बाजूस आपल्या दोन भाषा सख्ख्या बहिणी आहेत. उजवीकडे मात्र त्या वेगळ्या होतात. “बे जण” म्हटले तेही त्यास कळले, विचारल्यावर म्हणाला, “बे एके बे, म्हणजे दोन.” पाढ्यांनी अशी लाज राखली.

नातवास ‘उजवी’ हा शब्द येत नव्हता असे नाही. जेवताना, देवापुढे, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो येत होता. घाईत येत नव्हता. घरी मराठी बोलतो, म्हणून आम्ही निश्चिंत होतो; पण शाळा गुजराती मित्रांची, गल्ली गुजराती, आणि घाई ही गल्लीतच शिकावयाची वस्तू. त्याला कोणी रागावले नाही. नाशिकच्या भावाने फक्त सांगितले, “अरे, उजवी म्हण, नाहीतर मरतो आपण.” जे काम आम्हांस इतक्या वर्षांत साधले नाही, ते त्या एका वाक्याने पंधरा दिवसांत झाले. आता भिंतीपलीकडून आम्हांस ऐकू येते : “उजवीकडे दोन! माडीवर एक! माघारी फिर!” ‘माघारी’ हा शब्द आमच्या घरात गेली कित्येक वर्षे कोणी वापरल्याचे स्मरत नाही. तो नाशिकहून, त्याच तारेने आला. देवाणघेवाण एकतर्फीही नाही. आनंद झाला की नाशिककर ‘मजा पडी गई’ म्हणतो, अशी आमच्या कन्येची तक्रार आहे.

मायक्रोफोन घरचेही ऐकतो, हे मात्र ध्यानी ठेवावे. कुकरच्या शिट्ट्या, सांजवेळची आरती, पैशांवरून चाललेली कुजबुज, सारे नाशिक-बडोद्यास पोहोचते. कंट्रोलरवर मायक्रोफोन बंद करण्याची कळ आहे. तो बंद असला की ती नारिंगी रंगाने उजळते. घरातील थोरांनी तो नारिंगी दिवा ओळखण्यास शिकावे आणि मगच घरच्या गोष्टी बोलाव्यात.

घरबसल्या खेळावयाच्या एका स्पर्धेत तिघे उतरले आणि दुसऱ्या फेरीत हरले. हरल्याचे कारण तिघांनीही तीन सांगितले. आम्ही त्यात पडलो नाही. पण वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे यंत्र असेल, त्यांनी कधी खोलीच्या दाराबाहेर घटकाभर उभे राहावे. चाक ठिपक्याच्या अलीकडे आहे ना, हे नंतर पाहता येईल. आधी ऐकावे, की शत्रू अंगावर आला असता पोराच्या तोंडून कोणता शब्द येतो.