समुद्रगाईंच्या घरीं एक सकाळ

प्रवासास निघतांना जें स्थळ आपण मनाशीं योजितों, त्याहून वाटेंत सहज लागलेलें एखादें लहानसें गांवच पुष्कळदां अंतःकरणांत घर करून राहतें. आमचें तसेंच झालें. आमचे धाकटे बंधु अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत टँपा शहरीं राहतात. जानेवारींत आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां मोटारीनें उत्तरेस टॅलाहासी या राजधानीच्या शहरीं जावयाचें ठरलें. बरोबर त्यांची बारा वर्षांची कन्या होती.

वाटेंत वीकी वाची नांवाचा झरा लागतो. तेथें १९४७ सालापासून तरुण स्त्रिया माशाचें शेपूट लावून पाण्याखालीं मत्स्यकन्यांचे खेळ करून दाखवितात. त्यावरून बंधूंनीं कोलंबसाची गोष्ट काढली. १४९३ च्या जानेवारींत त्यानें समुद्रांत तीन मत्स्यकन्या पाहिल्या, आणि चित्रांत काढतात तितक्या कांहीं त्या सुंदर नाहींत, अशी नोंदही केली! त्या मत्स्यकन्या म्हणजे मॅनाटी नांवाच्या समुद्रगाई असाव्यात, असें जाणते लोक मानतात. "काका, आज आपण खऱ्याच पाहूं," असें पुतणीनें तेथेंच जाहीर केलें, आणि आमचा रात्रीचा मुक्काम क्रिस्टल रिव्हर, म्हणजे स्फटिकनदी, या चिमुकल्या गांवीं पडला.

येथें वाचकांपाशीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही नऊ वर्षांचे असतांना आजोळच्या विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरून आंत पडलों होतों. शेजारच्या मळ्यांतील एका गड्यानें केंस धरून वर काढलें म्हणून वांचलों. तेव्हांपासून गुडघ्यावर पाणी चढूं दिलें नव्हतें. शाळेच्या नदीवरील सहलींत आम्ही नेहमीं सोबत्यांचे कपडे संभाळीत बसत असूं, आणि सर्वजण तो आमचा परोपकार समजत. दुसऱ्या दिवशीं पहांटे बंधूंस ताप भरला. मुलीबरोबर घरचें कोणी मोठें माणूस पाण्यांत उतरल्यावांचून तिला नेतां येणार नाहीं, असें नाववाल्यानें बजाविलें. मुलगी कांहींच बोलली नाहीं. नुसती आमच्याकडे पाहत राहिली. नाहीं म्हणण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं, एवढेंच खरें. त्यास धैर्य म्हणतां येणार नाहीं.

किंग्ज बे या उपसागरावर धुक्याच्या वाफा तरंगत होत्या. हवा बोचरी थंड. परंतु भूगर्भांतून येणाऱ्या तेथील झऱ्यांचें पाणी बारा महिने सुमारें २२ अंश सेंटिग्रेड असतें. समुद्रगाईंच्या येथें येण्याचें कारण हेंच. दहा फूट लांब व सुमारें साडेचारशें किलो वजनाचें हें धूड. पण त्याच्या अंगीं देवमाशासारखा चरबीचा जाड थर नसतो. आखाताचें पाणी २० अंशांखालीं उतरलें कीं तिला थंडी बाधते, प्रसंगीं प्राणही जातो. म्हणून हिवाळ्यांत शेंकडों समुद्रगाई या झऱ्यांच्या आश्रयास येतात. त्यांच्यासाठीं १९८३ सालीं येथें अभयारण्य स्थापन झालें. गवतावर निर्वाह करणाऱ्या या प्राण्याचा जवळचा आप्त मासा नसून हत्ती आहे. त्याच्या वल्ह्यासारख्या हातांच्या टोकांस नखेंही असतात.

वाटाड्यानें नियम सांगितले: पाठलाग करूं नये, खावयास घालूं नये, दोरानें अडविलेल्या विश्रांतीच्या जागेंत शिरूं नये, पाय आपटूं नयेत. तुम्ही स्तब्ध राहा. यावयाचें कीं नाहीं तें तिला ठरवूं द्या. आम्हीं अंगांत रबरी पोशाख घातला, तोंडांत नळी धरली, बगलेंत तरंगता दांडा घेतला आणि मनांतल्या मनांत विहिरीची ती पायरी पाहत पाण्यांत उतरलों.

प्रथम केवळ हिरवट धूसरता दिसली. मग खालच्या वाळूंतून एक राखाडी खडक हळूहळू वर येऊं लागला. त्या खडकाला डोळे होते! एक समुद्रगाय श्वासासाठीं वर येत होती, आणि तिच्या कुशीशीं तिचें पिल्लूं होतें. हातभर अंतरावर तिनें नाकपुड्या उघडून 'फुस्स' असा उच्छ्वास टाकला मात्र, आमचा सारा धीर सुटला. आम्हीं दोन्ही पाय जोरानें झाडले. पाणी ढवळून निघालें, आणि क्षणार्धांत मायलेंकरें दिसेनाशीं झालीं.

वाटाडी शांतपणें एवढेंच म्हणाला, "ती तुम्हांस भ्याली." आजवर पाण्याला भिणारे आम्ही, आपल्यालाही कोणी भिऊं शकेल, हें कधीं मनांत आलें नव्हतें. पुतणीच्या डोळ्यांकडे पाहवेना. नावेवर परतावें असें म्हणणार, तोंच तिनें आमचा हात घट्ट धरला आणि म्हटलें, "काका, नुसतें पडून राहा. मी आहें ना."

आम्ही पडून राहिलों. किती वेळ गेला तें सांगतां येत नाहीं. स्वतःच्या श्वासाचा आवाज हळूहळू मंद झाला. आणि ती परत आली, पिल्लासह, आपण होऊन. आमच्या खालून जातांना तिची पाठ स्पष्ट दिसली. तीवर समांतर पांढऱ्या वणांची रांग होती. यांत्रिक नावेच्या पंख्यानें केलेल्या जखमांच्या त्या खुणा. अशा वणांवरूनच तेथील अभ्यासक एकेक समुद्रगाय ओळखतात. जिच्या पाठीवर माणसानें असें लिहून ठेवलें, ती माणसाजवळ पुन्हां आली, आणि आम्ही मात्र एका पायरीचा राग सर्व पाण्यावर धरून बसलों होतों! हात पुढें करण्याचा मोह झाला. पण एक हात पुतणीच्या हातांत होता, आणि दुसरा आम्हीं छातीशीं धरून ठेवला.

या प्राण्याचें दैव अद्यापि सुस्थिर नाहीं. कायद्याच्या संरक्षणानें त्यांची संख्या वाढली व २०१७ सालीं संकटाची श्रेणी एक पायरी उतरविण्यांत आली. परंतु २०२१ सालीं फ्लॉरिडांत ११०० हून अधिक समुद्रगाई मेल्या. अटलांटिककडील खाडींत दूषित पाण्यामुळें शेवाळ माजलें, तळाचें गवत सूर्यप्रकाशावांचून मेलें, आणि अनेक गाई उपाशी मेल्या. त्या हिवाळ्यांत सरकारी नोकरांस त्यांना सलादाचीं पानें घालावीं लागलीं. इकडे किंग्ज बेमध्यें मात्र २०१५ पासून लोकांनीं तळचा गाळ उपसून हातांनीं गवत लावलें. आपल्या देशांतही डुगाँग नांवाची तिची बहीण आहे. तमिळनाडूनें २०२२ सालीं पाल्कच्या उपसागरांत ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्यासाठीं राखून ठेवलें, हें वाचून आम्हांस घरच्या माणसाची खुशाली कळल्यासारखें वाटलें.

नावेवर चढलों तेव्हां पुतणी थंडीनें कुडकुडत होती, पण हंसत होती. "काका, तुम्हांला पोहतां येत नाहीं ना?" तिनें हळूच विचारलें. आम्हीं मान हलविली. "बाबांना सांगणार नाहीं," असें तिनें वचन दिलें. तें तिनें पाळलें. आम्हींच येथें तें मोडीत आहों.

परत आल्यावर वैशाखांत आजोळीं गेलों. ती विहीर अजून आहे, पायरीही आहे, शेवाळही आहे. कठड्यास धरून एकेक पायरी उतरलों, आणि कमरेइतक्या पाण्यांत बराच वेळ नुसते उभे राहिलों. पाण्यानें आम्हांस कांहीं केलें नाहीं. पुढील सहलीस आमच्या शाळेंतील जो मुलगा कपडे संभाळीत एकटाच कांठीं बसेल, त्याच्याशेजारीं कोणी तरी जाऊन बसावें, आणि जमल्यास त्याचा हात धरावा, एवढीच आमची विनंति आहे.