ताठ कणा

मराठीत ‘ताठ कण्याचा माणूस’ हा मोठा गौरव आहे. साहित्य शिकवताना ही शब्दकळा आम्ही वर्षानुवर्षे वापरली. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांत टायटॅनियमचे चार स्क्रू आणि दोन सळ्या बसल्या, तेव्हापासून मात्र या प्रतिमेकडे आम्हांला निराळ्या नजरेने पाहावे लागत आहे.

निरोगी कणा समोरून सरळ दिसतो. बाजूने पाहिला तर तो सरळ नसतोच. मानेशी आणि कमरेशी त्याचा बाक पुढे असतो, पाठीशी मागे. कमरेच्या बाकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग चौथ्या मणक्यापासून त्रिकास्थीपर्यंतच्या दोनच सांध्यांत सामावलेला असतो. त्यामुळे नेमक्या याच जागी काय बसवले आणि कसे बसवले, यावर साऱ्या देहाचा तोल ठरतो. झिजलेली चकती काढून तिथे पाचरीसारखा ‘पिंजरा’ ठेवतात. तो पुढच्या बाजूला बसला तर बाक साधणे सोपे जाते; मागे राहिला तर बाक उणावू शकतो. दोन मणक्यांमधली उंची परत मिळाली की नसांच्या वाटा मोकळ्या होतात. पण हाड ठिसूळ असेल तर पिंजरा त्यातच रुततो आणि मिळालेली उंची पुन्हा जाते.

अतिरेकी ताठपणाची किंमत वैद्यकाने एकदा मोजलेली आहे. अमेरिकेतील पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली आपल्या सळईची पद्धत प्रसिद्ध केली. वाकडे कणे ताणून सरळ करणारी ही सळई तिच्या काळी वरदान ठरली. पण ती कमरेच्या खालच्या मणक्यांपर्यंत नेली, तेव्हा अनेकांचा नैसर्गिक बाकच पुसला गेला. अशी माणसे पुढे झुकू लागली. सरळ उभे राहण्यासाठी त्यांना गुडघे वाकवावे लागत. कणा सरळ झाला आणि माणूस वाकला.

दुसरी गोष्ट शेजारधर्माची. दोन मणके सांधले की त्यांची हालचाल संपते, पण वाकण्याची गरज संपत नाही. तो भार वरच्या-खालच्या सांध्यांवर जातो. आमच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांमधल्या सांध्यात आता झीज दिसते आहे. त्यात वयाचा वाटा किती आणि जोडणीचा किती, हे डॉक्टरही काटेकोर सांगू शकत नाहीत. आणखी एक सांधा जोडावा, की दुखणे सोसून हालचाल राखावी, हा प्रश्न सध्या आमच्यापुढे आहे.

रूपके शरीरातून उचलायची आणि शरीराला विचारायचे मात्र नाही, ही आपल्या समीक्षेची जुनी खोड आहे. न वाकणाऱ्या माणसाचे गोडवे गाताना त्याच्या वाट्याचे वाकणे कोणी पत्करले, हेही एकदा विचारायला हवे. घरात, संस्थेत, चळवळीत असा एखादा तिसरा मणका बहुधा असतोच. त्याच्यावर कविता होत नाही.