फ्युनेसच्या दरीतलं शेतघर

इटलीच्या उत्तर टोकाला, डोलोमाइट पर्वतांच्या पायथ्याशी फ्युनेसची दरी आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता, म्हणून घराघरांत आजही जर्मनच ऐकू येतं आणि गावांची नावं पाट्यांवर दोन्ही भाषांत असतात. सप्टेंबरात तिथल्या एका शेतकरी कुटुंबाकडे आम्ही उतरलो. खाली त्यांचं बिऱ्हाड, वर पाहुण्यांच्या खोल्या, शेजारी गोठा.

मालकीणबाईंनी आधी पासपोर्ट मागून घेतले, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावीच लागते. बूट दाराशी काढायचे, घरातून सपाता घालून फिरायचं. आम्ही मांसाहार करत नाही हे कळल्यावर रात्री त्यांनी पालकाचं सारण भरलेले श्लुट्झक्राप्फेन वाढले. दिसायला करंज्याच, फक्त पाण्यात उकडलेल्या आणि वरून वितळलेलं लोणी. दुसऱ्यांदा वाढताना त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

सकाळी दूध संघाची गाडी येऊन गेली की सगळं घर गवताला लागायचं. उतार इतका तीव्र, की यंत्र पोचत नाही तिथे दाताळ्यानं गवत ओढावं लागतं. मीही एक दाताळं घेतलं. काम करता करता बाईंनी सांगितलं, की सासऱ्यांची सगळी जमीन एकट्या त्यांच्या नवऱ्याला मिळाली आणि दिरा-नणंदांना पैसे. तिथे अशा शेताची वाटणी होत नाही. जुनी रीतच कायद्यात आली आहे. आमच्याकडे आजोबांचं शिवार वाटण्या होत होत गुंठ्यांवर आलंय. मी ऐकतच राहिले.

तरी नुसत्या दुधावर भागत नाही, असं त्या म्हणाल्या. खोल्यांचं भाडं त्याला हातभार लावतं. शेतावर पाहुणे ठेवण्याचा कायदा इटलीत १९८५ साली आला. शेती मुख्य आणि पाहुणचार तिला जोड, ही अट तेव्हापासून आहे. मला ही अट फार मोलाची वाटते. पाहुण्याच्या पैशानं गोठा चालू राहतो, गवत कापलं जातं, आणि ज्या हिरव्या उतारांचे फोटो काढायला लोक येतात ते टिकतात.

युरोपची सहल आखाल तेव्हा शहरातली एखाद-दुसरी रात्र कमी करा आणि अशा घरी राहा. एका रात्रीसाठी मात्र जाऊ नका. जेवण सगळीकडे मिळत नाही, तेव्हा आधी विचारा, आणि शाकाहारी असाल तर तेही कळवून ठेवा.