नातवाची शिरगणती

२०२४ च्या उन्हाळ्यात चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयता चार महिने न्यू जर्सीला राहून आलो. इंदूरचे घर इतके दिवस कुलूपबंद ठेवण्याची ती आमची पहिलीच वेळ. तिकडची घरे, रस्ते, थंडी यांविषयी आपल्या मासिकातून पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यात भर घालणार नाही. मला सांगायचे आहे ते माझ्या सोळा वर्षांच्या नातवाविषयी, त्याच्या अकराशे डॉलरांविषयी आणि एका आकड्याविषयी.

नातवाला चित्रकथांच्या जुन्या पुस्तकांचा नाद आहे. तिकडे त्यांना कॉमिक्स म्हणतात, आणि हा खेळ केवळ मुलांचा नाही. आम्ही पोहोचलो त्याच सुमारास, एप्रिल १९२४ नव्हे हो, २०२४ मध्ये, ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत साठ लाख डॉलरांना विकली गेली होती. जून १९३८ चा हा अंक. सुपरमॅन त्यात प्रथम अवतरला, आणि त्या वेळी त्याची किंमत होती दहा सेंट. “आबा, हा अंक दोन लाखांच्या आसपास छापला होता, आता शंभरेक प्रती उरल्या असतील असा अंदाज आहे,” नातू म्हणाला. बाकीच्या गेल्या कुठे? मुलांनी वाचून फाडल्या, आयांनी टाकून दिल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या तेव्हा गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यात गेले. आया सर्वत्र सारख्याच, असे मी मनात म्हटले. त्याचे कारण पुढे येईल.

नातवाने दोन उन्हाळे आइस्क्रीमच्या दुकानात उभे राहून अकराशे डॉलर साठवले होते. ते सारे तो एकाच अंकात घालणार होता. चिरंजीवांनी त्याला सांगितले, “आबांना पटव, मग घे.” खरे म्हणजे हा नकार देण्याचा सभ्य मार्ग होता, आणि त्यासाठी माझा खांदा वापरला होता, हे मला नंतर उमगले.

एका संध्याकाळी तो संगणक घेऊन माझ्याजवळ बसला. “आबा, ही बघा सेन्सस.”

हा शब्द ऐकून माझे कान टवकारले. मी शाळामास्तर. १९८१ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून जुन्या इंदुरातल्या दोन गल्ल्या मी दारोदार फिरून मोजल्या आहेत. फेब्रुवारीतले ते दिवस, खांद्याला लावलेली पिशवी, प्रत्येक दारावर खडूने किंवा गेरूने घातलेला क्रमांक, आणि महिन्याच्या अखेरच्या रात्री बेघर माणसे मोजण्यासाठी घेतलेला कंदील, हे सारे मला आजही दिसते. पुस्तकांचीही जनगणना होते हे मात्र मी प्रथमच ऐकत होतो.

ती होते अशी. सर्टिफाइड गॅरंटी कंपनी नावाची एक संस्था २००० सालापासून हे काम करते. आपले पुस्तक शुल्क भरून तिच्याकडे पाठवायचे. तिथले परीक्षक कणा, कोपरे, टाचण्यांचा गंज, पानांचा रंग, मागाहून कोणी केलेली डागडुजी, सारे पाहून ०.५ पासून १० पर्यंत गुण देतात. मग ते पुस्तक पारदर्शक कठीण पेटीत बंद होऊन, माथ्यावर गुणांची चिठ्ठी लावून परत येते. पुन्हा ते वाचता येत नाही, नुसते पाहायचे. अशा तपासलेल्या प्रत्येक प्रतीची नोंद त्यांच्या यादीत होते, आणि कोणत्या अंकाच्या किती प्रती कोणत्या गुणाला आहेत हे कोणालाही पाहता येते. तीच ही शिरगणती.

नातवाने निवडलेला अंक १९७० नंतरच्या दशकातला, एका फारशा न चाललेल्या मालिकेचा होता. त्याला ९.८ गुण होते, म्हणजे जवळजवळ नवाकोरा. यादीत त्या गुणाच्या केवळ सात प्रती, आणि त्याहून वरच्या गुणाची एकही नाही. विक्रेत्याने नेमके हेच ठळक अक्षरांत लिहिले होते. “साऱ्या जगात सात, आबा! आणि अकराशेला मिळतोय.”

मी विचारले, “सात आहेत, की सात आल्या आहेत?”

त्याला प्रश्न कळला नाही. तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली. ती मी आजवर घरातही कोणाला सांगितली नव्हती.

माझ्या गल्लीत एक मोठा वाडा होता. मागच्या चौकात एका खोलीला बाहेरून कडी होती. मी शेजाऱ्यांना विचारले, ते म्हणाले, “तिथे कोणी राहत नाही, मास्तर.” मी तशी नोंद केली आणि पुढे गेलो. मार्चच्या आरंभी दुरुस्तीची फेरी झाली, तेव्हाही मी तिकडे वळलो नाही. कागद जमा केल्यावर एका संध्याकाळी सहज त्या वाड्यात गेलो, तर खोलीत दिवा होता. एक वृद्ध विधवा बाई तिथे राहत होत्या. दिवसभर चार घरी स्वयंपाक करून त्या रात्री परतत. मला पाहून त्या म्हणाल्या, “सगळ्यांकडे आलात म्हणे, माझ्याकडे नाही आलात.” मी काहीतरी पुटपुटलो आणि निघून आलो. १९८१ च्या त्या प्रचंड आकड्यात एक कमी आहे. तो कोणाचा, हे मला ठाऊक आहे.

नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने नीट विचार केलेला प्रश्न विचारला. “पण हे पुस्तक चांगलं असेल, तर मालक ते पाठवणार नाही का?”

“पाठवायला त्याला काय पडते, ते पाहा,” मी म्हणालो. आम्ही हिशेब मांडला. तपासणीचे शुल्क, जाण्यायेण्याचे टपाल, विमा. त्या मालिकेचा सुटा अंक तिकडच्या दुकानांत काही थोड्या डॉलरांना मिळत असे. म्हणजे तपासणीचाच खर्च पुस्तकाहून जास्त. कोण पाठवील? अशा पुस्तकाची संख्या कमी दिसते, कारण ते कोणी मोजणाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत नेत नाही. आणि उद्या एका प्रतीला अकराशे डॉलर आले, ही बातमी पसरली, तर माळ्यावरच्या, खोक्यांतल्या प्रती बाहेर निघतील. सातांच्या सतरा व्हायला किती वेळ लागणार?

नातवाने आपली वही काढली. पोरगा पद्धतशीर आहे. आवडीच्या अंकांचे आकडे तो तारखेसह टिपून ठेवतो. वर्षभरापूर्वी याच अंकाच्या ९.८ गुणाच्या प्रती होत्या दोन. “दोनच्या सात झाल्या,” तो हळूच म्हणाला. मी काही बोललो नाही. वहीने सांगितले ते आजोबांनी पुन्हा सांगण्याची गरज नव्हती.

त्यानंतर आमची रोजची बैठकच बसू लागली. शिकवण्याचे काम मात्र दोन्ही बाजूंनी होत होते. त्याने मला दाखवले की हा आकडा उलट दिशेनेही फसवतो. काही जण कमी गुण मिळालेली पेटी फोडतात, पुस्तक यंत्रात दाबून त्याच्या चुण्या काढतात आणि पुन्हा तपासणीला पाठवतात. जुनी चिठ्ठी परत केली नाही, तर एकच प्रत यादीत दोनदा राहते. मला आमच्या गल्लीतल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली आठवल्या. विचारपूस नीट झाली नाही, तर त्या सासरीही मोजल्या जात आणि माहेरीही.

मग त्याने ‘इन्क्रेडिबल हल्क’चा १९७४ सालचा १८१ वा अंक काढला. वुल्व्हरिन हे पात्र त्या अंकातून खऱ्या अर्थाने पुढे आले. या अंकाच्या तपासलेल्या प्रती हजारोंनी आहेत. ‘केवळ सात’वाल्याने हसावे अशी संख्या. तरीही त्याची किंमत त्या सातांपैकी कोणालाही पेलणार नाही. का? कारण तो हवा असणारी माणसे त्याहूनही अधिक आहेत. “आबा, पुस्तकं मोजतात, पण पुस्तक मागणारी माणसं कोणी मोजत नाही,” नातू म्हणाला. हे वाक्य त्याचे आहे, माझे नव्हे. त्या अंकात आत एक छापील तिकीट असे, आणि त्या काळच्या मुलांनी ते कापून वहीत चिकटवले. आज ते तिकीट नसलेली प्रत उणी ठरते. एका पिढीचा आनंद हा दुसऱ्या पिढीचा दोष झाला.

याच्या उलट उदाहरण १९९२ च्या अखेरचे. सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत घालून विकला गेला, लाखोंनी. पुढे मोल येईल म्हणून लोकांनी तो पिशवी न उघडता जपून ठेवला. सगळ्यांनीच जपला, त्यामुळे तो दुर्मीळ झालाच नाही. १९३८ चा अंक कोणी जपला नाही, म्हणून तो अमोल झाला. आणि जपणारा एखादा निघालाच, तर सारा हिशेब बदलतो. १९७७ साली कोलोरॅडोत एडगर चर्च या गृहस्थाच्या घरातून अठरा हजारांहून अधिक जुने अंक निघाले, कित्येक आणलेल्या दिवसाइतके ताजे. कडी लावलेली एक खोली उघडली, इतकेच.

एके रात्री नातू वैतागून म्हणाला, “आबा, आकडा इतका खोटा असेल, तर तुम्ही दारोदार फिरलात कशाला?”

मला उत्तर द्यायला रात्र लागली. सकाळी मी त्याला म्हटले, “बाळ, आकडा खोटा नसतो. तुझ्या यादीला विचारले, किती प्रती आल्या? तिने सात सांगितले, ते खरे आहे. जगात किती आहेत, हे तिला कोणी विचारलेच नाही. आणि ही यादी नव्हती तेव्हा काय होते? विक्रेता दुर्मीळ म्हणेल ते दुर्मीळ. आज निदान तू वहीत दोन आणि सात लिहू शकलास.” यावर तो हसला. चिरंजीव मात्र चहा घेता घेता म्हणाले, “म्हणजे घ्यायचं की नाही?” त्यांना एका शब्दात उत्तर हवे होते. मी म्हणालो, “पैसे त्याचे आहेत. मी फक्त गल्ली दाखवली.”

त्याने तो अंक घेतला नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. ऑगस्टमध्ये तो मला एका जुन्या दुकानात घेऊन गेला. तिथे खोक्यांच्या रांगा होत्या, आणि खाली वाकून शोधता शोधता त्याने तोच अंक वर काढला. पेटी नाही, चिठ्ठी नाही. कोपरे किंचित दबलेले. किंमत सहा डॉलर. घरी येईपर्यंत त्याने तो गाडीत वाचून काढला आणि म्हणाला, “गोष्ट चांगली आहे, आबा.” अकराशे डॉलरांचा अंक त्याला कधीच वाचता आला नसता.

आता आयांच्या गोष्टीचे कारण सांगतो. आम्हां भावांकडे इंद्रजाल कॉमिक्सचा ढीग होता. १९६४ साली ती पुस्तके निघू लागली, आणि आमचे मामा मुंबईहून येताना मराठीतला वेताळ घेऊन येत. इंदुरात आमच्या भोवती सारे हिंदी. मराठी वाचायची गोडी धाकट्या भावाला लागली ती त्या वेताळापायी. एका दिवाळीच्या साफसफाईत आईने तो सारा ढीग रद्दीवाल्याला घातला. एक पुस्तक भावाच्या दप्तरात होते, तेवढे वाचले. मुखपृष्ठावर त्याने शाईने मोठ्या अक्षरांत आपले नाव घातले आहे. भाऊ जाऊन आता अकरा वर्षे झाली.

परतल्यावर मी ते पुस्तक ट्रंकेतून काढले आणि फोनवर नातवाला दाखवले. तो म्हणाला, “आबा, पाठवू या का तपासायला? यादीत एक वाढेल.” मग जवळून पाहून म्हणाला, “पण नावामुळे गुण कमी होतील.”

मी म्हटले, “राहू दे. पुढच्या खेपेला तू ये, आणि इथे बसून वाच.”

त्याला मराठी अडखळत वाचता येते. येत्या डिसेंबरात तो येणार आहे.