पडद्यावरचे शून्य

जासईच्या रस्त्यालगत एकावर एक रचलेल्या रिकाम्या कंटेनरांचे छायाचित्र संगणकावर घेऊन, त्यातील गंजाचा तांबूस रंग तेवढा राखून बाकीचे थर एकेक करून मिटवीत बसलो असता, आपण शून्यता रेखाटण्याऐवजी केवळ पडदा पुशीत आहोत, असा संशय आज मनात आला. नागार्जुनाच्या मते जे परस्परावलंबनाने उत्पन्न होते तेच शून्य. तेव्हा सातासमुद्रांपलीकडच्या मागणीवाचून ज्याला स्वतःचे असे काही प्रयोजनच नाही, तो हा कंटेनर कोऱ्या पडद्याहून त्या विचाराला अधिक जवळचा नव्हे काय? झेनकडे ओढले गेलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रोलरने रंगाचे थर चढवीत, सुरीने खरवडीत. आम्हां डिजिटल मंडळींना मिटवण्याची कळ फारच स्वस्त मिळाली.

शिवाय इथली जमीन तरी कोरी कुठे? जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली, संपादित जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी झालेल्या लढ्यात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. सातबाऱ्यावरील कब्जेदारांची नावे सरकारी दफ्तराने बदलली, म्हणून चित्रानेही ती गाळावीत, हे मला पटेना. मिटवलेला थर पुन्हा उघडून पत्र्यामागे भातखाचरांचे बांध करड्या रेषांनी काढले आहेत. रेषा अजून जाडच वाटतात.