काचेपलीकडून

वेबसाइट लोकांना वापरता येते की नाही, हे तपासणं माझं काम. माणसाला एक काम सांगायचं आणि काचेपलीकडून गप्प बसून पाहायचं.

‘आईवडिलांसाठी मेडिक्लेम शोधा’ हे काम एकदा एका जोडप्याला वेगवेगळं बसवून दिलं. त्याने पहिली बरी वाटली ती लिंक उघडली, हप्ता पाहिला, वयं टाकली, झरझर पुढे गेला. मधुमेहासाठी तीन वर्षं थांबावं लागेल असं दिसताच मागे फिरला, दुसरी लिंक. तिने आधी टॅबची रांग लावली. एका पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा होती: विम्याच्या रकमेच्या एक टक्का. पाच लाखांवर दिवसाला पाच हजार. त्याहून महाग खोली घेतली तर डॉक्टरांची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली जाते, हे तिने तळटिपेतून शोधून वहीत उतरवलं. तोवर फॉर्मचा एकही रकाना भरला नव्हता. शेजारचा प्रोग्रामर म्हणाला, ‘मॅडम अडकल्या.’ अडकल्या कुठे? खरेदीतला सगळ्यात जोखमीचा भाग त्या निस्तरत होत्या.

संशोधक जोन मायर्स-लेव्ही यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं की पुरुष बहुधा ठळक खुणा उचलतात, स्त्रिया बहुधा सगळं गोळा करून मग ठरवतात. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या मार्गारेट बर्नेट आणि सहकाऱ्यांच्या, सॉफ्टवेअर तपासायच्या ‘जेंडरमॅग’ पद्धतीत याच दोन रीती ॲबी (सगळं गोळा करणारी) आणि टिम (ठळक खुणा उचलणारा) या कल्पित व्यक्तींना दिल्या आहेत. ‘बहुधा’ हा शब्द मात्र सोडू नये. बँकेतून निवृत्त झालेले कितीतरी गृहस्थ मी पक्के ॲबी पाहिलेत.

टिमसाठी ‘मागे’ दाबल्यावर भरलेलं पुसलं जाता कामा नये. ही दुरुस्ती मीटिंगमध्ये लगेच मंजूर होते. ॲबीसाठी अटी आणि लागणारे कागद पहिल्याच पानावर हवेत म्हटलं, तर ‘एवढं वाचतं कोण?’ म्हणून ते पुढच्या खेपेवर ढकललं जातं. मला याचा मनापासून राग येतो. अर्धा फॉर्म भरून झाल्यावर जुने रिपोर्ट मागायचे, आणि बाई उठून गेली की अहवालात ‘काम अपूर्ण’ लिहायचं!

माझ्या अहवालात आता वेळेच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना असतो: माणूस काय शोधत होता आणि ते कितव्या पानावर सापडलं. खोलीभाड्याची अट त्या दिवशी सातव्या पानावर होती.